बी कुणाचं, रान कुणाचं?

कागलला बायकांच्या अभ्यासवर्गात माझ्याकडे विषय होता 'आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञान आणि आपण'. टिपणांची वही घेऊन गेले आणि प्लेटोपासून सुरुवात केली. अर्ध्या तासाने मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, ह्यातलं आमच्या रानात काय उगवतंय, तेवढं सांगा की." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने फार जुन्या काळापासून जगाच्या जोड्या लावल्या. मन आणि शरीर, बुद्धी आणि भावना, आकार आणि द्रव्य. प्रत्येक जोडीत एक वर, एक खाली. वरचं पुरुषाचं, खालचं बाईचं. ॲरिस्टॉटलने तर स्पष्टच मांडलं, की मूल होताना आकार आणि चैतन्य बाप देतो, आई नुसतं द्रव्य पुरवते. नऊ महिने पोटात वाढवणारी ती, आणि घडवणारा तो!

ह्या पायालाच युरोपात पुढे सुरुंग लागले. एकोणिसाव्या शतकात नीत्शेने लावला, १९२७ साली हायडेगरने, १९६७ साली देरिदाने. देरिदाचं म्हणणं साधं करून सांगायचं तर असं: ह्या जोड्या बरोबरीच्या नसतात. वरचा खालच्याच्या आधारावर उभा असतो आणि तो आधार लपवत असतो. मैत्रिणींनो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मात्र ही मंडळी काही आपले देव नव्हेत. नीत्शेने बायकांबद्दल तुच्छतेने लिहिलं. हायडेगर १९३३ साली नाझी पक्षात गेला. पुरुष हाच 'माणूस' आणि बाई म्हणजे 'दुसरी' असं का मानलं जातं, हा प्रश्न सिमोन द बोव्हुआर ह्यांनी १९४९ साली विचारला. लूस इरिगारे ह्यांनी १९७४ साली प्लेटोपासून फ्रॉइडपर्यंत सगळ्यांची झडती घेतली, तर त्यांचं विद्यापीठातलं शिकवणंच बंद झालं.

आता रानाकडे येऊ. ॲरिस्टॉटलचं 'आकार आणि द्रव्य' आपल्याकडे 'बीज आणि क्षेत्र' होऊन बसलेलं आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे शेत, पुरुष म्हणजे बी, आणि दोहोंत श्रेष्ठ बी असं म्हटलं आहे. शेताला मालक असतो, शेत स्वतः कुणाचं मालक नसतं. ही झाली तत्त्वमीमांसा! ती पोथीत राहिली असती तर आपण तिच्या वाटेला गेलो नसतो. पण ती तलाठ्याच्या चावडीत येऊन बसते. ऊस भांगलायला पात धरते बाई, आणि सातबाऱ्यावर नाव दादल्याचं, दिराचं, भावाचं.

कायदा बदललेला आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, २००५ साली तो देशभर झाला. हा हक्क जन्मानेच मिळतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. तरीही बाप गेल्यावर लेकी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. कशासाठी? माहेर तुटू नये म्हणून, हे एक कारण. आणि मनात खोल कुठेतरी बसलेलं असतं, की वंश त्यांचा, बी त्यांचं, म्हणून रानही त्यांचं. कायद्याने कागद बदलतो, ही समजूत बदलत नाही. तिच्याशी भांडायचं तर तत्त्वज्ञानाच्या वाटेला जावंच लागतं. आजी, तुमच्या रानात हे उगवतंय.

इथे दोन ठिकाणी सावध राहायला हवं. काही जण म्हणतात, "बघा, पाश्चात्त्य विचार युरोपातल्याच विद्वानांनी मोडीत काढला. आता तुमची स्त्रीमुक्तीही मोडीत गेली. आपली परंपराच बरी." त्यांना कागलची आठवण द्यावी. ह्याच कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांना, राजा असूनही, वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असं पुरोहिताने सुनावलं. ज्ञानाचा अधिकार कुणाला, हा प्रश्न इथे देरिदा वाचून आला नव्हता. त्या वादात राजाची बाजू टिकली, पण बाईच्या अधिकाराची चर्चा त्यात झाली नाही. तरी महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि आपल्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, विरोध पत्करून शिकवलं. त्याही आधी १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून जाब विचारला होता. आपला वारसा हाही आहे.

दुसरा धोका आपल्यातल्याच शिकलेल्यांचा. नव्या विचारवंतांचं वाचून त्या म्हणतात, 'मी' असं पक्कं काही नसतंच, ती भाषेची करामत आहे. असेलही. पण ज्यांचं नाव उताऱ्यावर कधी लागलंच नाही, त्यांना ते लागायच्या आत 'नाव खोटं असतं' हे सांगणं मला पटत नाही. आधी 'मी' म्हणू द्या. मग तो 'मी' कसा घडला ते आपण मिळून तपासू, आणि त्या तपासणीत जमीनच नसलेली, दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणारी बाई पहिल्या रांगेत असेल.

पुढच्या बैठकीला आपापल्या घरचा सातबारा घेऊन या. प्लेटोचं पुस्तक मी आणते. दोन्ही शेजारी ठेवून वाचू.