तीन फुटांवरचा चेंडू आणि थरथरणारा हात

जबलपूरहून एका ताईंचे पत्र आले आहे. आजेसासरे गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आले, तेव्हापासून हे मराठी कुटुंब नर्मदेकाठचेच झाले. त्या लिहितात, "आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. तिरंदाजी शिकते. सरावात तिचे बाण एकामागून एक पिवळ्या वर्तुळात बसतात. स्पर्धा आली की मात्र हात थरथरतो. मागच्या स्पर्धेनंतर तिने धनुष्य माळ्यावर टाकले. आमचे हे रविवारी छावणीतल्या मैदानावर गोल्फ खेळतात. ते तिला रोज सांगतात, मन घट्ट कर, नीट लक्ष दे. ती ऐकून घेते आणि रडते. तिचे मन कमकुवत आहे का? खेळ सोडू द्यावा का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही. आधी तुमच्या यजमानांच्याच खेळाकडे पाहू. गोल्फमध्ये चेंडू जागच्या जागी स्थिर असतो. तो कोणी अडवत नाही, कोणी अंगावर धावून येत नाही. अठरा होल खेळायला चार तास लागतात, पण प्रत्यक्ष चेंडू मारण्यात जेमतेम काही मिनिटे जातात. उरलेला सगळा वेळ माणूस आणि त्याचे मन एकमेकांच्या सोबतीला! म्हणून या खेळात मोठमोठ्यांची भंबेरी उडालेली आहे. १९९६ साली अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांच्या आघाडीने मैदानात उतरला आणि निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. एका रात्रीत तो खेळ विसरला होता का? मुळीच नाही.

मग होते काय? त्याचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरातही येतो. वर्षानुवर्षे पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात आपोआप फिरतो. पण मुलीला बघायला पाहुणे आले आहेत आणि कोणी दारात उभे राहून बघते आहे, असे झाले की ती बाई लाटण्याकडे, बोटांकडे लक्ष देऊ लागते आणि पोळीचा नकाशा होतो. अंगवळणी पडलेल्या कामात मनाने मध्येच लुडबुड केली की काम बिघडते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ शान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गोल्फच्या चेंडूवर तपासून पाहिले. भोकाजवळचा चेंडू अलगद आत ढकलायचा, याला पट म्हणतात. अनुभवी खेळाडूंना हाताच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा त्यांचे पट बिघडले. नवशिक्यांना मात्र त्याच सूचनेचा फायदा झाला. म्हणजे 'नीट लक्ष दे' हा सल्ला शिकाऊ मुलीला योग्य, पण तयार मुलीला घातक ठरू शकतो. तुमच्या यजमानांची माया खरी आहे. औषध तेवढे चुकले आहे.

मुलीला सांगण्यासारखे उदाहरण तर तुमच्याच गावात आहे. जबलपूरच्या रानीताल क्रीडा संकुलात मध्य प्रदेशची तिरंदाजी अकादमी आहे. तिथे तयार झालेली मुस्कान किरार २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या कंपाऊंड संघातून खेळली. ज्योती सुरेखा आणि मधुमिता कुमारी तिच्या सोबतीला होत्या. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध तीन फेऱ्यांनंतर गुण होते १७३-१७३. शेवटच्या सहा बाणांत कोरियाच्या मुलींनी ५८ गुण मिळवले, आपल्या मुलींनी ५५. तीन गुणांनी सोने गेले आणि रौप्यपदक मिळाले. त्या मुलींना कोणी कमकुवत म्हणेल का? दडपण मोठमोठ्यांना येते. ते येऊ नये असे म्हणण्यात अर्थ नाही, ते आल्यावर काय करायचे हे ठरलेले असावे.

परदेशात गोल्फपटू यासाठी मनाचा वेगळा प्रशिक्षक ठेवतात. आपल्याकडेही आता क्रीडा मानसशास्त्रज्ञ खेळाडूंसोबत काम करतात. ते शिकवतात त्यातले बरेचसे घरी करून पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, ठरलेला क्रम. प्रत्येक बाणाआधी तेच करायचे : पाय रोवणे, एक श्वास, नजर, आणि सोडणे. श्वास आत घेण्यापेक्षा सावकाश सोडण्यावर भर हवा. त्याने छातीतली धडधड उतरते. मनाला धरायला ओळखीचा कठडा मिळाला की ते भलतीकडे घसरत नाही.

दुसरी गोष्ट, नजर. कॅनडाच्या संशोधक जोन विकर्स यांना असे आढळले की चांगले गोल्फपटू फटक्याआधी दोन-तीन सेकंद चेंडूवरच्या एकाच बिंदूवर नजर स्थिर ठेवतात. घाबरलेल्याची नजर मात्र चेंडू, भोक, प्रेक्षक अशी भिरभिरते. तिरंदाजीत निशाणावर नजर किती वेळ ठेवायची, हे तिच्या प्रशिक्षकांना विचारूनच ठरवावे.

तिसरी गोष्ट, सरावातच थोडे दडपण. घरच्यांनी मागे उभे राहून बघावे, गुण मोठ्याने मोजावेत, हरणाऱ्याने सगळ्यांना पोहे करून घालावेत! नेदरलँड्समध्ये बास्केटबॉल आणि डार्टच्या खेळाडूंवर केलेल्या प्रयोगात, थोड्याशा धाकधुकीत सराव केलेल्यांचा खेळ पुढे दडपणातही टिकला.

चौथी गोष्ट, चुकीचा हिशेब. जगातले नामवंत व्यावसायिक गोल्फपटूसुद्धा आठ फुटांवरचे सुमारे निम्मे पट चुकवतात. हा आकडा माहीत असलेला खेळाडू एक पट चुकला म्हणून कपाळाला हात लावत नाही. तो पुढच्या होलकडे चालू लागतो. गेलेला बाण भात्यात परत येत नाही. हातात असतो तो पुढचा.

अनिर्बान लाहिरीचेच पाहा. जन्म पुण्याचा आणि विपश्यनेचा साधक. २०२२ साली अमेरिकेतील प्लेयर्स स्पर्धेत तो अवघ्या एका फटक्याने मागे पडून दुसरा आला. ध्यान केले म्हणून प्रत्येक वेळी विजय मिळतोच असे नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक एका फटक्याने कांस्यपदकाला मुकली आणि चौथी आली. तिची बॅग घेऊन, कॅडी म्हणून, तिची आईच मैदानभर सोबत चालत होती. गोल्फमध्ये कॅडी फटका मारत नाही. तो सोबत चालतो, हवी ती काठी हातात देतो, आणि योग्य वेळी गप्प राहतो. आईबापांनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसऱ्या बाजूला अभिनव बिंद्रा. २००४ साली अथेन्सच्या अंतिम फेरीत तो सातवा आला. २००८ साली बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा खेळाडू बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ गुणांची गोळी मारली आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्या दोन स्पर्धांच्या मधल्या चार वर्षांत त्याने शरीराइतकीच मनाचीही मशागत केली होती. मन हेही मेहनतीने तयार होते, जन्मतः कोणाला घट्ट मिळत नाही.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरे. मुलीचे मन कमकुवत नाही. ज्याला कशाची पर्वाच नाही, त्याचा हात थरथरत नाही. खेळ सोडायचा की नाही, हे तिला ठरवू द्या, पण हरल्याच्या दिवशी नव्हे. महिनाभर कोणी विषय काढू नका. स्पर्धेहून आल्यावर 'किती गुण?' हा पहिला प्रश्न नको. 'जेवायला काय करू?' हा असावा. तिची झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, ती कोणाशी बोलत नसेल, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पाय मुरगळला तर आपण लाजत नाही. इथेही लाजू नये.

आणि एक काम तुमच्या यजमानांसाठी. गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात तीन फुटांवरून चुकलेल्या चेंडूची एक आठवण असते. त्यांनी एखाद्या रविवारी लेकीला सोबत मैदानावर न्यावे आणि ती गोष्ट सांगावी. उपदेश नको, नुसती गोष्ट. बाबांचाही हात थरथरतो हे कळल्यावर माळ्यावरचे धनुष्य लगेच खाली येईलच, असे मी म्हणत नाही. पण त्या घरात एकटीच हरते आहे, असे तिला वाटणार नाही. सुरुवातीला एवढे पुष्कळ आहे.