पत्रादेवीची गोळी, अझोर्सचा तळ

दिवाळीच्या सुमारास कासू स्टेशनावर उभे राहिले की कापलेल्या भाताचा वास येतो. दिवा-रोहा गाडी थांबते, भरल्या पिशव्या घेऊन ओळखीची माणसे उतरतात. थोड्या वेळाने मडगावकडे निघालेली लांब गाडी न थांबता फलाट हादरवत जाते. गोव्याला जायला आज एक तिकीट पुरते. 1955 साली इथे रूळही नव्हते. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरू पाहणारी माणसे बेळगाव, सावंतवाडी करत बांद्याला पोहोचत आणि तिथून पायी हद्दीकडे निघत.

त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला बांद्यापलीकडे पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. तिरंगा घेऊन पुढे चाललेल्या सहोदराबाई राय यांना गोळी लागली. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडले. गोव्याच्या सीमेवर त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे गेली.

गोळी झाडणारा देश एकटा नव्हता. 4 एप्रिल 1949 रोजी उत्तर अटलांटिक करारावर सह्या करणाऱ्या बारा देशांत पोर्तुगाल होता. त्या कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य हे शब्द आहेत. सही करणाऱ्या पोर्तुगालवर मात्र 1932 पासून सालाझारची हुकूमत होती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आणि घरोघरी गुप्त पोलिसांची धास्ती. अमेरिकेला हे माहीत नव्हते असे नाही. तिला अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवरचा विमानतळ हवा होता.

लोकशाही देशाने हुकूमशाहीत रुतत चाललेल्या मित्राची साथ सोडावी का, हा यंदाच्या अंकाचा विषय. त्याचे उत्तर वॉशिंग्टन किंवा ब्रसेल्समध्ये शोधण्याआधी कोकणच्या या वाटेवर शोधावे, असे या अंकाला वाटते. कारण मैत्री दोघांची आणि भुर्दंड तिसऱ्याला, हे इथल्या माणसांनी भोगलेले आहे.

गोळीबारानंतर चार महिनेही झाले नव्हते. 2 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्यासह संयुक्त निवेदन काढले आणि गोव्यासारख्या वसाहतींचा उल्लेख त्यात ‘पोर्तुगीज प्रांत’ असा आला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव आणि बुल्गानिन त्याच सुमारास भारताच्या दौऱ्यावर होते. त्यांनी गोव्याच्या प्रश्नावर भारताची बाजू उघडपणे घेतली. सहा वर्षांनी, डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. एका हुकूमशहाला सांभाळताना अमेरिकेने जगातली सर्वांत मोठी लोकशाही दुखावली. एवढे करून तिला मिळाला तो एक विमानतळ.

त्याच 1961 साली केनेडी सरकारने अंगोला या पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर पोर्तुगालविरुद्ध मतदान करून पाहिले होते. पण अझोर्सच्या कराराची मुदत 1962 अखेर संपत होती. सालाझारने तो धागा बरोबर ओढला आणि अमेरिकेचा सूर खाली आला. मित्राला सुधारायचे तर आत राहूनच, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. ‘आत’ राहिलेल्यांच्या डोळ्यांदेखत 1958 च्या निवडणुकीत जनरल देल्गादोंनी सालाझारच्या उमेदवाराला आव्हान दिले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक रद्द झाली. 1965 मध्ये गुप्त पोलिसांनी देल्गादोंचा खून केला. पोर्तुगालचे उत्तर अटलांटिक करारातले स्थान तसेच राहिले.

मग सगळे दोर कापून टाकावेत का? भारताने तेही करून पाहिले. 1953 मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद झाली आणि 1955 च्या ऑगस्टमध्ये राजनैतिक संबंध तोडले. संताप रास्तच होता. पण मोहन रानडे यांची कहाणी विसरता येत नाही. 1955 मध्ये पकडलेला हा सांगलीचा तरुण गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिला, जानेवारी 1969 पर्यंत. तिथे त्याच्यासाठी दार ठोठावायला आपला राजदूत नव्हता. सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी इथून त्याच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले.

कासूहून रोहा आणि तिथून रेवदंड्याची एसटी धरली, की खाडीपलीकडे कोर्लई लागते. 1740 च्या तहाने पोर्तुगीजांचा अंमल तिथून गेला. तरी गावातली ख्रिस्ती घरे आजही पोर्तुगीजमधून घडलेली, मराठीत मुरलेली आपली बोली बोलतात. तिला ती ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. राज्य आणि माणसे यांत फरक करायला हे एक गाव शिकवते. सालाझारची राजवट शेवटी मोडली तीही पोर्तुगालच्याच सैनिकांनी, 25 एप्रिल 1974 रोजी. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला नव्या सरकारने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

म्हणून या अंकाची बाजू स्पष्ट आहे. वकिलात ठेवा, विद्यार्थी येऊ द्या, व्यापार चालू द्या, तुरुंगातल्या माणसाची चौकशी करणारा कोणीतरी तिथे असू द्या. शस्त्रे मात्र थांबवा, आणि खोट्या निवेदनाखाली सही करू नका. मित्र जनतेवर बंदूक रोखतो त्या दिवशी लष्करी भागीदारी संपली पाहिजे, मग तळ कितीही मोलाचा असो.

हे मागणे दुसऱ्यांकडेच करून भागणार नाही. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा वाडा आहे. त्याच देशातला मंडालेचा तुरुंग टिळकांमुळे घराघरात माहीत आहे. त्या देशात 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले आणि हजारो माणसे जीव घेऊन मिझोरामात आली. तरी त्या लष्कराला भारतातून साहित्य पुरवले गेले, पुरवणाऱ्यांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने 2023 च्या अहवालात केली आहे. दिल्लीकडेही सीमेची, बंडखोरांची, चीनची कारणे आहेत. अझोर्सचे कारणही तेव्हा असेच वजनदार वाटत होते. हा पुरवठा बंद करावा आणि मिझोरामातल्या निर्वासितांना परत ढकलू नये, अशी मागणी हा अंक कासूहून करत आहे.