सोल्युशनची चिंधी आणि रस्त्यावरची संगत

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साधारण बारा वर्षांच्या मुलाला आमच्या अपघात विभागात आणले. पायांत ताकद नव्हती, उभेही राहता येत नव्हते. आणणारा त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, रेल्वे स्थानकावर त्याच्यासोबत राहणारा. दोघांच्या कपड्यांना पंक्चरच्या सोल्युशनचा वास येत होता. रक्तातील पोटॅशियम फारच कमी निघाले. ते भरून काढल्यावर दोन दिवसांत मुलगा चालू लागला आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डातून निघून गेला, त्याच मोठ्या मुलाकडे. नशा शिकवणारा तोच होता आणि रुग्णालयात आणणाराही तोच.

अशा सोल्युशनमध्ये आणि थिनरमध्ये बहुधा टोल्युइन हे द्रावक असते. चिंधीवर ओतून हुंगले की ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. भूक मरते, थंडी आणि भीती जाणवत नाही. नशा लवकर उतरते, म्हणून चिंधी पुन्हा पुन्हा नाकाशी जाते. सतत हुंगण्याने मूत्रपिंडांतून पोटॅशियम वाहून जाते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

केंद्र सरकारच्या २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा आहे, ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) मुलांमध्ये (१.१७ टक्के) जास्त आहे. सुमारे ४.६ लाख मुलांना या नशेसाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज त्यात आहे. व्हाइटनरच्या बाटल्यांवर निर्बंध आले, पण पंक्चरचे सोल्युशन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतेच.

‘वाईट संगत’ म्हणून आपण मोकळे होतो. पण घर सुटलेल्या मुलाला रात्री कुठे झोपायचे, कोणापासून जपायचे, हे ही टोळीच सांगते. वडापाव वाटून खाते तशी चिंधीही वाटून घेते. चिंधी नाकारणे म्हणजे टोळीबाहेर पडणे, आणि रस्त्यावर एकटे पडणे हे नशेहून धोक्याचे, हा त्या मुलाचा हिशेब चुकीचा नाही. म्हणून एकट्याला उचलून सुधारगृहात ठेवले की तो पळतो. उपचार टोळीचा करावा लागतो: रोजचे जेवण, सुरक्षित रात्रनिवारा, आणि मोठ्या मुलाला गुन्हेगार न मानता सोबतीला घेणे. डिस्चार्ज कार्डावर लिहायला माझ्याकडे पत्ताच नसेल, तर औषध कितीसे पुरणार?

वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. नशेतल्या मुलाचा पाठलाग करू नका, त्याला मारू-दरडावू नका. या द्रावकांमुळे हृदय संवेदनशील झालेले असते. अचानक भीती किंवा धावपळ झाल्यास ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा, शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. एरवी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर कळवा. आणि त्याच्यासोबत असलेल्या मुलाला हाकलू नका. त्या मुलाचे म्हणावे असे माणूस बहुतेक वेळा तेवढेच असते.