घोडी भाड्याची, पडला नवरदेव. भरपाई कोण देणार?

तुळशीचं लग्न आटोपलं की अकोला-अमरावतीकडे लग्नसराई सुरू होते आणि घोडीवाल्यांचे फोन वाजू लागतात. सजवलेली घोडी, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, मागे डीजे आणि पुढे फटाक्यांची लड. आता समजा, लड फुटली, घोडी बिथरली, नवरदेव खाली आला आणि त्याचा खांदा निखळला. दवाखान्याचं बिल कोण भरणार? घोडीवाला म्हणतो, फटाके तुमच्या पोरांनी फोडले. वऱ्हाडी म्हणतात, घोडी सांभाळणं तुमचं काम.

असाच अपघात दुचाकीचा असता, तर विमा कंपनीचं नाव लगेच निघालं असतं. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. पण घोडा हे मोटार वाहन नाही, त्यामुळे त्याला ही सक्ती लागू होत नाही. वरातीतली घोडी असो, जत्रेत पोरांना फेरी मारून आणणारं तट्टू असो की माथेरानला पर्यटकांना वर नेणारा घोडा असो, त्याच्यावर बसलेला माणूस पडला तर आपोआप पैसे देणारा विमा कुठेच नसतो. माथेरानमध्ये तर घोड्यावरून पडून पर्यटकांचा जीव गेल्याच्या बातम्याही आल्या आहेत.

मग कायदा काय म्हणतो?

गंमत म्हणजे, या प्रश्नाचं उत्तर १८७२ सालापासून लिहून ठेवलेलं आहे. तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हती, त्यामुळे भारतीय करार कायदा लिहिणाऱ्यांनी उदाहरणं घेतली ती घोड्यांचीच. आपली वस्तू दुसऱ्याला वापरायला ताब्यात देणं, याला वकील मंडळी ‘बेलमेंट’ म्हणतात. कलम १५० मधलं उदाहरण असं आहे: एकाने दुसऱ्याला घोडा दिला. घोडा खोडकर आहे हे देणाऱ्याला माहीत होतं, पण तो बोलला नाही. घोडा उधळला, स्वार पडून जखमी झाला. भरपाई देणाऱ्याने द्यायची.

याच कलमात पुढे एक वाक्य आहे, ते भाड्याने देणाऱ्यांनी नीट वाचावं असं आहे. वस्तू भाड्याने दिली असेल, तर तिच्यातला दोष मालकाला माहीत होता की नव्हता याने फरक पडत नाही. त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला तो जबाबदार धरला जातो. म्हणजे मित्राला फुकट दिलेल्या घोड्याबाबत ‘मला ठाऊक नव्हतं’ हे उत्तर चालू शकतं. पैसे घेतले, की ते उत्तर फारसं कामाचं राहत नाही.

उलट बाजूही आहे. कलम १५४ मध्ये घोडा नेणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे, तीही घोड्याच्याच उदाहरणांनी. फक्त स्वतः बसायला म्हणून घोडा घेतला आणि घरच्या दुसऱ्या कोणाला बसवलं, तर त्याने कितीही जपून चालवला तरी घोड्याला इजा झाल्यास भरपाई नेणाऱ्याने द्यायची. दुसऱ्या उदाहरणात बनारसला जातो म्हणून कोलकात्यात घोडा भाड्याने घेतलेला माणूस कटकला जातो. आपल्याकडे बोलायचं तर, बाळापूरला जातो म्हणून अकोल्यातून घोडा घेतला आणि नेला अकोटला. वाटेत घोडा पडून लंगडा झाला, तर ‘माझी चूक नव्हती’ म्हणून सुटता येत नाही. ठरल्याप्रमाणे वापर केला आणि स्वतःच्या वस्तूला जपावं तेवढं जपलं, तर मात्र कलम १५१ आणि १५२ प्रमाणे नेणारा सुटतो.

लगाम कोणाच्या हातात?

वरातीचं गणित इथे वेगळं होतं. नवरदेव घोडीवर बसतो, पण लगाम घोडीवाल्याच्या माणसाच्या हातात असतो. घोडीचा ताबा नवरदेवाकडे आलेलाच नसतो, त्यामुळे हा घोडी उसनी देण्याचा नाही, तर सेवा देण्याचा व्यवहार होतो. नोकराने काम करताना हयगय केली, तर ती मालकाच्या अंगावर येते. घोडी डीजेच्या आवाजाला सरावलेली नव्हती, खोगिराचा पट्टा जुना होता, लगाम धरणारा मोबाईलवर बोलत होता, असं काही सिद्ध झालं तर घोडीवाल्याची बाजू कमजोर होते. फटाके घोडीच्या पायाशी फोडले, आणि नको म्हटल्यावरही फोडले, तर दोष वाटला जाऊ शकतो. फोडणाऱ्यांवरही दावा होऊ शकतो. ते बहुधा नवरदेवाचेच मित्र असल्याने तो होत नाही, एवढंच.

पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता खुला असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. लग्न अकोटला झालं आणि नवरदेव अमरावतीचा, तर अमरावतीतही. मुदत दोन वर्षांची. ‘बसणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर बसावं’ ही पाटी मालकाला वाटते तेवढी भक्कम नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या एका हॉटेलमधून चोरीला गेलेल्या कारच्या प्रकरणात सांगितलं, की ‘मालकाच्या जोखमीवर’ असं पावतीवर छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. प्रकरण कारचं होतं, पण तर्क घोड्यालाही लावता येतो.

पोलिसांचा भाग थोडक्यात: जनावराबाबत हयगय करून लोकांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हयगयीमुळे कोणी दगावलं, तर कलम १०६ आहे.

विमा आहे, पण कोणाचा?

‘माझ्या घोडीचा विमा आहे’ असं मालक सांगतो तेव्हा तो बहुतेक पशुधन विमा असतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात गाई-म्हशींबरोबर घोडे, गाढवं, खेचरंही येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने केलेल्या बदलांनंतर पशुपालकाला हप्त्याचा १५ टक्के वाटाच भरावा लागतो. योजना चांगली आहे, पण ती घोडी मेली तर मालकाला पैसे देते. घोडीवरून पडलेल्याला त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि घेताना ‘घोड्यावर माणसं बसवतो’ हे अर्जात स्पष्ट लिहावं लागतं. लपवलं तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

पडलेल्याकडे स्वतःचा आरोग्य विमा असेल, तर आधी तो पाहावा. साहसी खेळांच्या अपवादात ‘घोड्यांची शर्यत’ हे शब्द दिसले म्हणून अनेक जण दावाच करत नाहीत. पण आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या मजकुरात तो अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. वरातीत पंधरा मिनिटं घोडीवर बसलेला नवरदेव त्यात मोडत नाही.

आणि लगाम धरून चालणारा पोरगा? घोडीची पहिली लाथ त्यालाच बसते. तो १८ वर्षांचा झाला असेल आणि बँकेत खातं असेल, तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं कवच मिळतं. दरवर्षी ३१ मे रोजी ते संपतं, म्हणजे त्याआधी खात्यात २० रुपये शिल्लक हवेत.