गाडी उलाळ होऊ नये म्हणून

जुलैत शाळा सुटल्या की आपल्यापैकी काही कुटुंबं कॅरव्हान जोडून कॉर्नवॉल नाहीतर वेल्सची वाट धरतात. एका वाचकांनी विचारलं आहे : "कॅरव्हान जोडली की गाडीचं बूड बसतं. मागच्या स्प्रिंगांत एअर बॅगा घालू, की अमेरिकेतल्या भावाकडे आहे तशी वेट-डिस्ट्रिब्युटिंग हिच? की दोन्ही?" (अपघातात तोंडासमोर फुगते ती एअर बॅग वेगळी, ही स्प्रिंगला आधार देणारी रबरी पिशवी.)

गावाकडे बैलगाडी भरताना ओझं आसाच्या पुढे-मागे सरकवून बघत. मागे जास्त झालं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं. मोटारीचंही तेच होतं, कारण कॅरव्हानचं नाक मागच्या चाकांच्याही मागे दाबतं. समजा हा दाब, म्हणजे नोजवेट, ७५ किलो आहे, टोबॉल मागच्या आसापासून १.१ मीटर मागे आहे आणि दोन आसांतलं अंतर २.७५ मीटर. मग मागच्या आसावर ७५ नव्हे, १०५ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे ३० किलो कमी होतात. स्टिअरिंग आणि ब्रेकचा बराचसा भार पुढच्या चाकांवर असतो, तीच हलकी होतात.

एअर बॅगेत हवा भरली की बूड वर येतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत. पण ते ३० किलो पुढे परत जात नाहीत! गाडी दिसते सपाट, चाकांवरचा भार मात्र जवळजवळ तसाच. वेट-डिस्ट्रिब्युटिंग हिचचं काम निराळं. तिच्या दोन पोलादी दांड्या स्प्रिंगसारख्या ताणलेल्या असतात. गाडीच्या मागे हातगाडीसारख्या मुठी आहेत आणि त्या कुणी वर उचलतंय अशी कल्पना करा. पुढची चाकं जमिनीवर दाबली जातात, थोडा भार कॅरव्हानच्या चाकांकडेही जातो.

दोन्ही वापरायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. माणसं-सामान गाडीत भरा, बॅगांत हवा भरून गाडी सपाट करा आणि पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजून ठेवा. मग कॅरव्हान जोडा आणि ती उंची बरीचशी परत येईपर्यंत दांड्या ताणा. नंतर हवा वाढवली तर बूड उचललं जातं, दांड्यांचा ताण सैल पडतो. तेव्हा पुन्हा मोजा.

मात्र भावाचं अनुकरण इथे जपून. अमेरिकेत नाकावर ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन ठेवतात. इथे साधारण ५ ते ७. शिवाय इथल्या कॅरव्हानचा ब्रेक नाकाचा दांडा आत सरकून लागतो. त्याला या दांड्यांचा अडथळा होऊ शकतो. म्हणून गाडी आणि कॅरव्हान, दोन्हींच्या उत्पादकांची संमती नसेल तर ही हिच बसवू नका. आणि बॅगा काय, हिच काय, पाटीवर छापलेली वजनाची मर्यादा कशानेही वाढत नाही.

तेव्हा खर्च करण्याआधी नोजवेट मोजायचा साधा काटा घ्या. गाडी, टोबार आणि कॅरव्हान यांतली सगळ्यात कमी मर्यादा ती आपली. तांदळाची पोती, कुकर, ऑनिंग असं जड सामान कॅरव्हानच्या आसावर, खाली ठेवा. नाक हलकं करायला ते शेवटच्या कपाटात कोंबलंत तर कॅरव्हान सापासारखी वळवळू लागेल. तसं झालंच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

१६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांनाही वेगळ्या परीक्षेशिवाय ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. म्हणजे आपली मुलंही लगेच चालवू शकतात. मोटरवेवर ६० मैलांची मर्यादा आणि तीन लेनमधली उजवी लेन बंद, हे त्यांना सांगाच. पण त्याआधी तो काटा त्यांच्या हातात द्या. मागच्या सीटवर आजी-आजोबा बसलेले असतात.