आजी वजन 'घालते' का?



परवा सातवीच्या वह्या तपासत होते. एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय सिस्टर पुट ऑन हर पैंजण.' ताईनं पैंजण घातले. बरोबर! आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम, तेव्हा पैंजण येणारच. पण पुढचं वाक्य होतं, 'माय ग्रँडमदर हॅज पुट ऑन वेट.' मी लाल पेनानं फुली मारली. वजन काय अंगात घालायचं असतं होय?

रात्री सहज शब्दकोश उघडला आणि जीभ चावली. 'पुट ऑन वेट' म्हणजे वजन वाढणं. अगदी शुद्ध इंग्रजी! दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर फुली खोडली. पोरीला अर्थ ठाऊक होता, पण बाईंना कसं सांगायचं म्हणून ती गप्प बसली होती. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता गंमत बघा. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, बांगड्या भरतो. इंग्रज माणूस या सगळ्याला 'पुट ऑन' म्हणून मोकळा! दिवा लावणं, पंखा लावणं हेही 'पुट ऑन'. गॅदरिंगला नाटक सादर केलं, तरी 'पुट ऑन अ प्ले'. आणि गृहपाठ झाला नाही म्हणून कुणी पोटदुखीचं सोंग आणलं, तर 'ही इज पुटिंग इट ऑन'. (कोण ते मी सांगत नाही!)

यातलं 'इट' कुठं बसलंय पाहिलंत? मधोमध. 'पुट ऑन इट' म्हणायचं नाही.

आणखी एक. पैंजण घालत असतानाच 'पुटिंग ऑन' म्हणायचं. एकदा पायात चढले, की दिवसभर 'वेअरिंग'.

मग काढायचे असतील तर 'पुट ऑफ' का? इथंच पुष्कळ जण फसतात. आजच्या इंग्रजीत कपडे, चप्पल, पैंजण काढणं म्हणजे 'टेक ऑफ'. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. पावसामुळं सहल पुढं गेली, तर 'पुट ऑफ'. देवळाच्या दारात 'पुट ऑफ युवर चप्पल' म्हणालात, तर चप्पल पुढच्या सोमवारवर ढकलायची की काय?

आता तुमची पाळी. आजीला चहा हवाय आणि कुणी म्हणालं, 'पुट द केटल ऑन.' केटल डोक्यात घालायची का? घरी विचारून अर्थ वहीत लिहा. उत्तर पुढच्या अंकात.

— तुमच्या बाई