भंगारात चाललेले जर्मेनियम

महाळुंगे-चाकण पट्ट्यात आमचे कितीतरी बंधू भंगार, पावडर कोटिंग, डाय-कास्टिंग व वायरिंगच्या कामात आहेत. मोटार कंपन्यांची ऑर्डर आली की शेड रात्रभर चालते, ती थांबली की कारागीर बसून राहतो. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला हा धंदा आम्हाला खटकतो. म्हणून आज एका लहानशा मालाविषयी लिहीत आहोत. हा माल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा 'फझ' पेडल.

पायाने दाबायची ही डबी गिटारचा स्वच्छ आवाज मुद्दाम फाडून घोगरा करते. गंमत अशी की हा आवाज मुळात बिघाडातून आला. 1961 साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या वेळी नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सिंग टेबलाचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बास गिटार घरघरू लागली. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या घरघरीचे सर्किट बनविले, आणि 1962 मध्ये गिब्सन कंपनीने ते बाजारात आणले. पुढे 1966 मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल डबीतला 'फझ फेस' काढला. त्यात असते काय? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन कंट्रोल आणि 9 व्होल्टची बॅटरी. रेडिओ दुरुस्त केलेल्या हाताला यात अवघड काही नाही.

अडचण आहे ती ट्रान्झिस्टरची. जुन्या धाटणीच्या आवाजाला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर लागतो आणि मोठ्या कारखान्यांनी तो बनविणे केव्हाच सोडले. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 पासून जर्मेनियमचा माल काढला. जुन्या रेडिओत एसी 128 जातीचे नग असत. हौशी लोक असे नग एकेक मोजून घेतात, आणि आम्ही ते बोर्डासकट किलोने विकतो! 2025च्या फेब्रुवारीत कुदळवाडीची गोदामे पाडली गेली तेव्हा जागेवर चालणारा किलोचा धंदा कसा संपतो हे सर्वांनी पाहिले. हे काम एका टेबलावर होते.

मात्र नुसता नग उपटून भागत नाही. जर्मेनियम गळके असते, आणि उष्णतेने गळती वाढते. साध्या मीटरवर गेनचा आकडा फुगलेला दिसतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी मोजणी करू नये. गळती वजा जाता पहिला नग 70-80चा, दुसरा 110-130चा असा जोड जमवावा. बरेच नग बाद होतील. अशा बाद नगांवर नवा छाप मारून खपविणारे बाजारात आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. नावही दुसऱ्याचे वापरू नये.

मिरजेचे शिकलगार हत्यारांचे काम मागे पडल्यावर सतार-तंबोऱ्याकडे वळले. 2024 साली त्या वाद्यांना जीआय मानांकन मिळाले.  डबीचे ओतकाम आणि रंग महाळुंग्यातच होईल. आमच्या मते आधी दहाच नग करावेत, पुण्यातील वादकांना आठवडाभर वाजवायला द्यावेत आणि त्यांची तक्रार ऐकून मगच भाव ठरवावा.